चवळीचा घाणा, मैद्याची बरणी

डिसेंबर उजाडला की लागोस, इबादान, एनुगू अशा नायजेरियातल्या शहरांत घरोघरी मैद्याच्या पिशव्या येऊन पडतात. नाताळ तोंडावर आलेला असतो, शहरातली माणसं गावाकडे निघायच्या तयारीत असतात आणि कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही हा दंडक तिथेही आहे. मग चिनचिनचा घाट घातला जातो. परातीत मैदा, साखर आणि किसलेलं जायफळ घ्यायचं, त्यात मार्गारीनचं मोहन घालून ते बोटांनी इतकं चोळायचं की मैदा रवाळ व्हावा. मग अंडी आणि दूध घालून पीठ घट्ट मळायचं, लाटायचं, पट्ट्या कापायच्या आणि पट्ट्यांचे बोटाच्या पेराहून लहान चौकोन पाडायचे. मराठी वाचक एव्हाना मनात म्हणालाच असेल, ही तर शंकरपाळी! तशीच ती आहे, फक्त अंड्याची आणि जायफळाच्या सढळ हाताची. कापायचं काम बहुधा मुलांकडे असतं, आणि गार व्हायच्या आत पळवायचंही.

तळताना झारा सतत फिरता ठेवावा लागतो, नाहीतर तुकडे एकमेकांना चिकटतात. रंग हवा तसा दिसायच्या थोडं आधीच घाणा काढायचा, कारण कढईबाहेर आल्यावरही तो गडद होत राहतो. कागदावर पसरून पूर्ण निवाला की मगच बरणीत भरायचा. कोमट असताना झाकण लावलं तर आतल्या वाफेने सगळी मेहनत पाण्यात. नीट निवलेलं चिनचिन मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत तीन-चार आठवडे सहज टिकतं. मग बरणीला फीत बांधायची आणि शेजारी, नातलग, चर्चमधली मंडळी, मुलांच्या बाई, वरिष्ठ साहेब अशी यादी करून एकेक बरणी रवाना करायची.

आज कुणीही याला नायजेरियाची परंपरा म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण ही परंपरा वयाने तशी लहान आहे. दक्षिण नायजेरियाच्या दमट हवेत गहू पिकत नाही. तिथल्या सामान्य घरात मैदा सहज मिळू लागला तो विसाव्या शतकात. देण्यासाठी तळायची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे आणि तिचा मान चिनचिनचा नव्हे, अकाऱ्याचा. अकारा म्हणजे सोललेल्या चवळीचा वडा. योरुबा लोकांचं हे खाणं उत्तरेकडे हौसा मुलखात कोसाई नावाने तळलं जातं.

चवळी मूळची आफ्रिकेचीच. घानामधल्या किंतांपो संस्कृतीच्या वस्त्यांत चवळीचे जळके दाणे सापडले आहेत, ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ती भारतात पोचली. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि वाल ही पिकंही त्याच खंडातून आली. महाराष्ट्राच्या ताटातून आफ्रिका वजा केली तर भाकरी जाते आणि उसळींतल्याही दोन जातात; एवढं जुनं देणं आपण विसरून बसलो आहोत. आज जगात सर्वाधिक चवळी नायजेरियात पिकते. इबादानमध्ये १९६७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषिसंस्थेच्या बियाणे-पेढीत चवळीचे १५ हजारांहून अधिक नमुने जपून ठेवलेले आहेत.

अकारा करायला चवळी थोडी भिजली की पाण्यातच दोन्ही तळव्यांमध्ये चोळायची. सालं सुटून वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून टाकायची, नवं पाणी घ्यायचं आणि पुन्हा चोळायचं. दाण्यावरचा काळा डोळा सालाबरोबरच निघतो आणि खाली पांढऱ्याशुभ्र डाळिंब्या उरतात. या कामाला घाई चालत नाही. सालं राहिली तर वडा मळकट दिसतो आणि जड होतो. मग कांदा आणि ‘अता रोडो’ ही बुटकी, सुरकुतलेली, डोळ्यांतून पाणी काढणारी मिरची घालून शक्य तितक्या कमी पाण्यात वाटण करायचं. पूर्वी हे पाट्यावर होई, आता गल्लीच्या तोंडाशी इंजिनावर चालणारी छोटी गिरणी असते. खरी परीक्षा पुढे आहे. वाटलेलं पीठ उखळीत घालून ते हलकं होईपर्यंत फेटायचं. यात ना सोडा पडतो, ना यीस्ट. फेटताना कोंडलेली हवा काय तो वडा फुगवणार. मीठ अगदी तळायच्या वेळी घालायचं. आधी घातलं तर पीठ बसतं, असं तळणाऱ्या बायका सांगतात आणि या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. जुनी रीत लालभडक पाम तेलात तळायची. कढईत आधी कांद्याची चकती सोडतात, तिच्याकडे पाहून तेल तापल्याचं कळतं.

हा वडा कढईतून काढल्यावर अर्धा तास राजा असतो. मग कडा मऊ पडतात, संध्याकाळपर्यंत तो चामट होतो. म्हणजे अकारा कुणाला द्यायचा तर तो गरम असतानाच पोचला पाहिजे, आणि तसा तो चालत जाऊन पोचेल तेवढ्याच अंतरावर पोचतो. त्यामुळे अकारा वाटायचा तो गल्लीत, वाड्यात, फार तर शेजारच्या आळीत.

कधी वाटायचा, याच्या रीती योरुबा समाजात ठरलेल्या होत्या. सत्तरी ओलांडून, नातवंडं पाहून कुणी गेलं की ते मरण शोकाचं मानत नसत. पिकलं पान गळलं, एवढंच. त्या घरी मोठ्या प्रमाणावर अकारा तळून शेजारच्या प्रत्येक घरी पाठवला जाई. लढाई जिंकून माणसं परत आली की त्यांच्या बायका गावभर अकारा वाटत, असंही सांगतात. योरुबा मुसलमानांमध्ये पुण्यकर्म म्हणून खाऊ वाटण्याला ‘सारा’ म्हणतात. त्यातही अकारा लागतोच.

आणि जुळी! दक्षिण-पश्चिम नायजेरियात जुळ्यांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी. १९६०च्या दशकात इग्बो-ओरा या गावाच्या परिसरात झालेल्या पाहणीत हजार बाळंतपणांमागे ४५च्या आसपास जुळी निघाली होती. युरोपात त्या काळी हा आकडा दहा-बाराच्या घरात होता. जुळ्यांना देवत्व, त्यांच्या आईला मान, आणि त्या आईवर एक जबाबदारी: चवळी शिजवून, पाम तेल घालून आळीतल्या पोरांना बोलावून खाऊ घालायची. जुळी प्रसन्न राहावीत म्हणून दुसऱ्यांची मुलं जेवली पाहिजेत, असा हा हिशेब.

उत्तरेत गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. हौसा मुसलमान घरांतल्या पडद्यातल्या बायका दिवसा बाहेर पडत नसत, पण त्यांच्या चुली बाजारात पोचलेल्या होत्या. कोसाई, शेंगदाण्याचं तेल काढून उरलेल्या पेंडीचे तळलेले कुलीकुली असे पदार्थ घरात करायचे आणि लहान मुलींच्या डोक्यावर पाटी देऊन गावभर विकायचे. पॉली हिल या अभ्यासक बाईंनी १९६९ साली या व्यवहाराला ‘दडलेला व्यापार’ म्हटलं. सरकारी नजरेला तो दिसत नव्हता, इतकंच; खाणाऱ्याला चांगला दिसत होता. त्याआधी १९५४ साली आलेल्या ‘बाबा ऑफ कारो’ या पुस्तकात एका वयस्कर हौसा बाईने मेरी स्मिथ यांना आपलं आयुष्य सांगितलं आहे. तिथे बाबा हे बाईचं नाव. मैत्रिणींमधल्या देण्याघेण्याचा त्यात बारकाईने हिशेब आहे. तुझ्या समारंभाला मी अमुक आणलं, माझ्या समारंभाला तू त्याच्या दुप्पट आणायचं. भेट म्हणजे निव्वळ प्रेम, असं मानणाऱ्यांनी ती पानं जरूर वाचावीत. आपल्याकडची आहेराची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना फारसा धक्का बसणार नाही.

अर्ध्या तासात मऊ पडणारा हा वडा पुढे समुद्र ओलांडून गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योरुबांचं ओयो साम्राज्य ढासळलं. आपसांतल्या लढायांत पकडलेली हजारो योरुबा माणसं लागोससारख्या बंदरांतून गुलाम म्हणून विकली गेली, त्यांतली पुष्कळशी ब्राझीलच्या बाहिया प्रांतात. त्यांच्याबरोबर सामान नव्हतं. हाताला येत होतं ते मात्र कुणाला काढून घेता आलं नाही. तिथल्या साल्व्हादोर शहरात गुलाम बायका मालकाच्या परवानगीने रस्त्यावर खाणं विकत. कमाईतली ठरलेली रक्कम मालकाची, वरची त्यांची. काहींनी या वरच्या पैशांतून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. तिथे या वड्याला ‘आकाराजे’ म्हणतात. कांदोंब्ले या आफ्रिकी-ब्राझिली पंथात तो वादळाची देवता इयान्सां हिचा नैवेद्य आहे. मानुएल केरीनो या कृष्णवर्णीय अभ्यासकाचं बाहियाच्या पाककलेवरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९२८ साली प्रसिद्ध झालं. त्यात आकाराजेची कृती आहे: चवळी भिजवणं, सालं काढणं, पाट्यावर वाटणं. योरुबा स्वयंपाकघरातली कोणीही बाई ती वाचून मान डोलावेल.

जुळ्यांची रीतही समुद्रापार गेली. सप्टेंबरात संत कॉस्मे आणि दामियां या जुळ्या संतांच्या दिवसाला साल्व्हादोरमध्ये भेंडीचा ‘कारुरू’ शिजतो आणि घरात आधी सात मुलांना जेवायला बसवतात. संत ख्रिस्ती असले तरी पंगत योरुबाच आहे.

ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने २००५ साली आकाराजेची नोंद घेतली तेव्हा एक शहाणपणाची गोष्ट केली. वारसा म्हणून नोंद झाली ती वड्याची नव्हे, वडे तळणाऱ्या बायकांच्या व्यवसायाची. पांढरे घेरदार झगे, डोक्याला फेटा, गळ्यात मण्यांच्या माळा घालून बसणाऱ्या या ‘बायाना’. २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाआधी त्यांचीच पंचाईत झाली. स्पर्धेच्या नियमांनुसार स्टेडियमच्या आसपास प्रायोजकांशिवाय कुणालाही विक्री करता येत नव्हती. ज्या मैदानाच्या दारात वर्षानुवर्षं वडे तळले तिथूनच हुसकावलं जाणार म्हटल्यावर त्यांच्या संघटनेने सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले आणि शेवटी आत बसायची मुभा मिळवली.

दुसरी वाट फ्रीटाउनची. १८०७ नंतर ब्रिटिश आरमार गुलामांची जहाजं अडवून सुटका झालेल्या माणसांना सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला उतरवत असे. तिथल्या क्रिओ समाजात पूर्वजांच्या नावाने ‘आवुजो’ हे मोठं जेवण घालतात. घरचे, शेजारचे, गेलेले असे सगळे त्याचे मानकरी, आणि पानात अकारा असतो. काही माणसं तर ब्राझीलहूनच उलटी फिरली. १८३५ साली साल्व्हादोरमध्ये मुसलमान गुलामांचा उठाव झाला, त्यानंतर कित्येकांना हद्दपार केलं गेलं, इतर आपणहून निघाले. लागोस बेटावर त्यांची वस्ती वसली, ती आजही ब्राझिली मोहल्ला म्हणून ओळखली जाते. गुड फ्रायडेला तिथे नारळाच्या दुधात शिजवलेल्या कडधान्याची ‘फ्रेजों’ होते आणि टोपं भरभरून शेजाऱ्यांकडे जाते. गेले ते चवळी घेऊन, परतले तेही द्यायच्याच सवयीसकट.

गहू आला तो मात्र वेगळ्या दाराने. आमॉस शॅकलफर्ड नावाचा जमैकन गृहस्थ १९१३ साली रेल्वेच्या नोकरीसाठी नायजेरियात आला आणि १९२१ साली त्याने लागोसमध्ये बेकरी टाकली. पीठ दाबून मळायचं यंत्र त्याने वापरात आणलं, त्यातून तो दाट, किंचित गोड, ओढला तर ताणणारा पाव निघाला, जो पुढे अगेगे ब्रेड म्हणून सगळ्या देशाला माहीत झाला. लोक शॅकलफर्डला ‘पावाचा राजा’ म्हणू लागले. आणि गंमत म्हणजे या परक्या पावाच्या पोटात लोकांनी सकाळी काय भरलं? गरम अकारा. अकारा-पाव हा लागोसचा आजही ठरलेला नाश्ता आहे. मुंबईकराला त्याबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९६० साली, फ्लोअर मिल्स ऑफ नायजेरिया ही कंपनी स्थापन झाली आणि १९६२ मध्ये लागोसच्या आपापा बंदरात तिची गिरणी सुरू झाली. जहाजातून गहू थेट गिरणीत, गिरणीतून मैदा देशभर. १९७०च्या दशकात तेलाचा पैसा आला, परकीय चलन स्वस्त झालं आणि आयात गव्हाचा पाव गावच्या कंदापेक्षा परवडू लागला. १९८५ साली गुनिला आंद्रे आणि ब्यॉर्न बेकमान या दोन स्वीडिश अभ्यासकांनी या अवस्थेवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच गव्हाला सापळा म्हटलं होतं. सरकारने जानेवारी १९८७ पासून गव्हाची आयात बंद केली. पाव महागला, चोरट्या वाटेने पीठ येत राहिलं आणि १९९२ साली बंदी उठली. आजही लागणाऱ्या गव्हापैकी ९० टक्क्यांहून अधिक गहू बाहेरूनच येतो.

चिनचिन या सापळ्यातलं गोड अपत्य. त्याला लागणारं जवळपास सगळं सामान दुकानातून येतं: मैदा, डब्यातलं दूध, मार्गारीन, साखर, जायफळ. बाजारावर न विसंबणाऱ्या जुन्या घरात ते होऊच शकलं नसतं. पण घरच्या बाईला त्यात एक गोष्ट मिळाली जी चवळीने कधी दिली नव्हती, ती म्हणजे सवड. अकारा पहाटे उठून करायचा आणि तिथल्या तिथे संपवायचा. चिनचिन नाताळच्या दोन आठवडे आधी, मुलांना हाताशी घेऊन, निवांत. आणि बरणी कुठेही जाते. शेजारी जाते तशी रात्रीच्या बसने चारशे किलोमीटरवरच्या गावी जाते, विमानाने लंडनला जाते. गावं सोडून माणसं शहरांत आली, शहरं सोडून परदेशी गेली, तेव्हा गल्लीपुरता वडा त्यांच्यामागे धावू शकला नाही. नाती लांबली तशी भेटही टिकाऊ लागली. चिनचिन चवीने अकाऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. पण चिनचिन जिंकलं ते चवीवर नव्हेच.

हौसा लग्नांत तर गव्हाचं तळण फार आधीपासून मानाचं आहे. उत्तरेत कोरड्या हंगामात पाटाच्या पाण्यावर थोडाबहुत गहू होतो. लग्नात मुलीकडून मुलाकडे ‘गारा’ जातो, म्हणजे तांदळाच्या गोण्या, तेलाचे डबे आणि डबेच्या डबे भरून घरी केलेला खाऊ: गव्हाचं पीठ आंबवून, तळून पाकात बुडवलेली अलकाकी, तांदळाच्या पिठाची मसालेदार नाकिया, पातळ लाटून फुलासारखं वळवून तळलेलं आणि पाकवलेलं दुबुलान, आणि आता अर्थात चिनचिन. आपल्याकडे रुखवत मांडतात, पाहुणे त्याभोवती फिरून कोणी काय केलंय ते पाहतात, थेट तसंच. मुलीच्या मावश्या-आत्या आठवडाभर आधीपासून अंगणात कढया चढवतात. किती डबे गेले याची चर्चा लग्नानंतरही चालू राहते, आणि कमी गेले असतील तर जरा जास्तच.

घरी करून द्यायची ही रीत आता विकतचीही झाली आहे. पाकिटांवर ‘नाफडॅक’ या नियामक संस्थेचा क्रमांक छापून कारखान्यातलं चिनचिन दुकानात येतं. लागोसच्या कुप्रसिद्ध वाहनकोंडीत पोरं गाड्यांच्या काचेशी पुड्या नाचवतात. शिवाय घरोघरच्या बायका फोनवर ऑर्डर घेतात, आणि डिसेंबरात त्यांची कढई उतरत नाही. २०२३ साली नायरा हे देशाचं चलन बाजारभावावर सोडल्यावर त्याची किंमत कोसळली, मैदा आणि तेल भडकलं; जून २०२४ मध्ये अन्नपदार्थांची महागाई ४० टक्क्यांच्या वर होती. बरणीचा आकार लहान झाला, यादीतली काही नावं गळली. कुणी मैद्यात कसाव्याचं पीठ मिसळतं, कुणी चवळीचं.

एका बाबतीत मात्र महागाईलाही एकमत घडवता आलेलं नाही. चिनचिन कडक हवं की मऊ? कडकवाले मोहन कमी घालतात, पीठ दगडासारखं मळतात आणि दाताखाली कट्‌ वाजलं नाही तर त्याला चिनचिन म्हणायला तयार नसतात. मऊवाले मार्गारीन आणि अंड्यांत हात आखडत नाहीत; त्यांच्या मते कडक चिनचिन ही दातांच्या डॉक्टरांची सोय आहे. एकाच घरात आई एका बाजूला आणि सून दुसऱ्या, असंही होतं. मग दोन घाणे काढतात. ह्यूस्टनला निघालेल्या मुलाच्या बॅगेत कडक जातं, कारण ते महिना काढतं. मऊ घरी राहतं आणि पाहुणे यायच्या आतच त्याचा तळ दिसतो.